मुंबईतील १८३२ चा श्वान-दंगा : बेवारस कुत्रा, रोगभय आणि नागरी जबाबदारी

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सामाजिक इतिहासाचा विचार करताना कापडगिरण्या, प्लेगची साथ, शिक्षणसंस्था आणि सुधारणावादी चळवळी यांवर अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे केंद्रित होते. त्या मानाने इ.स. १८३२ च्या जून महिन्यात शहराच्या कोट विभागात झालेला दंगा उपेक्षितच राहिला आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले, म्हणून ते वर्ष मराठी वाचकाच्या चांगले स्मरणात असते. परंतु त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, ६ जून रोजी, कुत्र्यांच्या हत्येवरून याच शहराचा व्यापार ठप्प झाला, पोलिसांवर हल्ला झाला आणि अखेर लष्कर बोलवावे लागले, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

या घटनेचा उल्लेख झालाच तर तो दोन प्रकारे होतो. एक तर ती जुन्या मुंबईची एक गंमत म्हणून सांगितली जाते. नाही तर धार्मिक भावना दुखावल्यामुळे उसळलेला प्रक्षोभ एवढेच तिचे वर्णन केले जाते. इतिहासकार जेसी पालसेटिया यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात २००१ मध्ये या दंग्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यामागील पारशी समाजाचे अंतर्गत संबंध आणि वसाहतवादी शासनाशी असलेले त्याचे नाते प्रथमच नीट पुढे आले. तथापि या घटनेला आणखी एक बाजू आहे आणि ती आरोग्याच्या इतिहासाची आहे. ज्या कुत्र्याला मालक नाही त्याच्या आजारपणाची, अन्नाची आणि त्याच्यापासून माणसाला होणाऱ्या अपायाची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न मुंबईत प्रथम १८३२ मध्ये जाहीरपणे विचारला गेला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

हुकूम आणि आठ आणे :

मोकाट कुत्र्यांना मारण्याचा नियम १८३२ मध्ये नव्याने झालेला नव्हता. १८१३ च्या एका नियमान्वये धोकादायक किंवा बेवारस वाटणाऱ्या कुत्र्यांना एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात मारण्याची मुभा होती. उष्ण दिवसांत कुत्री पिसाळतात अशी युरोपात जुनी समजूत होती आणि वर्षातील ठराविक महिने निवडण्यामागे तीच असावी. वस्तुतः रेबीजचा विषाणू ऋतू पाहून येत नाही. पण त्या काळी विषाणू ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती.

१८३२ मध्ये शहराच्या पोलीस मॅजिस्ट्रेटने ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. दंग्याचे खरे मूळ या आठ आण्यांत शोधावे लागते. बक्षीस कुत्र्याच्या रोगाला नव्हते, त्याच्या बेवारसपणालाही नव्हते. ते केवळ मेलेल्या कुत्र्याला होते. पिसाळलेले कुत्रे पकडणे जिवावरचे काम. उलट दारात निजलेले, माणसाळलेले, हाक मारली की शेपटी हलवीत येणारे कुत्रे मारणे सर्वांत सोपे. परिणाम अपेक्षित तोच झाला. कुत्री पकडणारे लोक खाजगी आवारांत आणि घरांत शिरू लागले, पाळीव जनावरेही मारू लागले आणि ‘तुमचे कुत्रे सोडतो, पैसे द्या’ अशी वसुलीही सुरू झाली. ज्या उपायाचा हेतू नागरिकांना भयमुक्त करणे हा होता, त्यानेच त्यांना एका नव्या भयात लोटले.

या लोकांना सरसकट दोषी ठरविणे मात्र योग्य होणार नाही. गोरगरीब मजुराच्या दृष्टीने आठ आणे ही क्षुल्लक रक्कम नव्हती आणि कोणते कुत्रे धोकादायक हे ठरविण्याचे कोणतेही साधन शासनाने त्यांच्या हाती दिलेले नव्हते.

पारशी धर्मविचारातील कुत्रा :

या प्रकाराविरुद्ध सर्वप्रथम पारशी समाज उठला. जरथुश्त्री धर्मात कुत्र्याचे स्थान केवळ राखणदाराचे नाही. मृत्यूनंतर ‘सगदीद’ हा विधी केला जातो. ‘सग’ म्हणजे कुत्रा आणि ‘दीद’ म्हणजे दृष्टी. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडल्याखेरीज अंत्यविधी पूर्ण होत नाही. यासाठी दोन डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणजेच ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा विशेष मानला जातो. मृतात्म्याला ज्या चिनवत पुलावरून जावे लागते त्या पुलाचे रक्षणही कुत्रीच करतात, अशी श्रद्धा आहे. मुंबईतील पारशी वस्तीला कुत्र्यांची गरज अशी नित्याची आणि व्यावहारिक होती. घरात मृत्यू झाला आणि कुत्राच मिळाला नाही, ही आपत्ती कल्पनेतील नव्हती.

याहून महत्त्वाचा, परंतु दंग्याच्या चर्चेत सहसा न येणारा मुद्दा ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात आढळतो. हे प्रकरण जवळजवळ संपूर्णपणे कुत्र्यांविषयी आहे. मेंढपाळाचा कुत्रा आणि घर राखणारा कुत्रा असे भेद करून, त्यांना निकृष्ट अन्न देणाऱ्यास कोणती शिक्षा व्हावी हे त्यात सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर वेडसर झालेल्या, वास न येणाऱ्या कुत्र्याचे काय करावे याचाही विचार त्यात आहे. त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा अडकवून तोंड बांधावे, म्हणजे तो इतरांना इजा करणार नाही, आणि धर्मनिष्ठ माणसावर करावेत तसे उपचार त्याच्यावर करावेत, असा आदेश आहे. असा कुत्रा मोकळा राहून खड्ड्यात अथवा विहिरीत पडून जखमी झाला, तर दोष माणसाचा. रोगी जनावराला बांधणे आणि बरे करणे ही दोन्ही कर्तव्ये येथे एकाच वाक्यप्रवाहात येतात, हे लक्षात घेतले पाहिजे. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमात यांपैकी एकही नव्हते.

हिंदू आणि जैन समाजाची भूमिकाही पूर्णतः परकी नव्हती. श्राद्धातील पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर श्वानाचाही वाटा असतो. खंडोबा आणि दत्तात्रेय यांच्या मूर्ती-चित्रांत कुत्री असतात. जैनांच्या अहिंसाविचाराबद्दल तर वेगळे सांगावयास नको. मात्र देवाशेजारी पुजला जाणारा कुत्रा आणि गल्लीत धोंडा खाणारा कुत्रा यांतील अंतर आपल्या समाजाने कधी फारसे मनावर घेतले नाही, हेही नमूद करणे भाग आहे.

६ आणि ७ जून :

६ जून १८३२ हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशी कुत्री मारण्याचे काम सुरू असलेले पाहून पारशी लोकांनी आपली दुकाने बंद केली. सुमारे दोनशे जणांचा जमाव कोटातील पोलीस कचेरीपाशी जमला आणि त्याने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी प्रकरणाने वेगळेच वळण घेतले. बाजार बंद राहिला; पारशांबरोबर हिंदू, जैन आणि काही मुसलमानही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी खाद्यपदार्थांची रसद अडविण्यात आली. अखेरीस जमावबंदीचा कायदा वाचून दाखवून लष्कराच्या साह्याने गर्दी पांगविण्यात आली आणि धरपकड झाली. अर्ल ऑफ क्लेअर हे त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते.

येथे दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली अशी की, लोकांनी शस्त्र उचलण्याऐवजी मुख्यतः पुरवठा रोखला. कोटातील ब्रिटिश वस्तीचे दैनंदिन जीवन पारशी आणि गुजराती दुकानदार, पुरवठादार व नोकरवर्ग यांच्यावर किती अवलंबून आहे, याची जाणीव दोन्ही पक्षांना एकाच दिवसात झाली. पुढील काळात ‘हरताळ’ म्हणून जे साधन भारतीय राजकारणात रूढ झाले, त्याचे हे मुंबईतील एक जुने उदाहरण मानता येईल.

दुसरी गोष्ट अशी की, रस्त्यावर उतरलेले लोक आणि नंतर तोडगा काढणारे लोक एक नव्हते. जमावात सामान्य पारशी होते, तर शासनाशी बोलणी करावयास जमशेदजी जीजीभाई यांच्यासारखे धनाढ्य शेटिये पुढे आले. चीनच्या व्यापारातून संपत्ती मिळविलेल्या जमशेदजींना शासनाची मर्जी आणि समाजाचे नेतृत्व ही दोन्ही सांभाळावयाची होती. त्यांच्या पुढाकाराने शासनाकडे विनंतीअर्ज गेला आणि कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा मार्ग निघाला. दंग्याबद्दल काही जणांवर खटले चालले व शिक्षा झाल्या. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजींची नेमणूक पहिल्या भारतीय ‘जस्टिस ऑफ द पीस’पैकी एक म्हणून झाली. दंग्यातील कैदी आणि दंग्यातून मोठे झालेले मध्यस्थ यांच्या वाट्याला आलेले हे फळ पाहिले, म्हणजे वसाहतकालीन नागरी राजकारणाची रीत स्पष्ट होते.

भुलेश्वर ते परळ :

कुत्री शहराबाहेर नेऊन सोडणे हा तोडगा वरवरचाच होता. नेलेल्या जनावरांना खावयास कोण घालणार? १८३४ मध्ये भुलेश्वर येथे मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली, ती याच प्रश्नाच्या संदर्भात. जमशेदजी आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेट, यांची नावे तिच्या स्थापनेशी जोडली जातात. इंग्रज शिपायांच्या गोळीला बळी पडणाऱ्या मोकाट कुत्र्या-डुकरांना आसरा देणे हा तिचा मूळ उद्देश होता, असे सांगितले जाते. एक पारशी आणि एक जैन यांनी मिळून उभारलेली ही संस्था व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर चालली. म्हणजे ज्या खर्चाचा विचार शासनाने केला नव्हता, तो महाजनांनी आपल्या शिरावर घेतला.

पांजरपोळीची कल्पना पश्चिम भारतात जुनीच. परंतु ती आसऱ्याची जागा होती, उपचाराची नव्हती. मरेपर्यंत जनावराला पोसणे हा तिचा धर्म. रोगाचे निदान, शस्त्रक्रिया, संसर्ग झालेल्या जनावराला वेगळे ठेवणे या गोष्टींसाठी आणखी अर्धशतक थांबावे लागले. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावे दिलेल्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. बैल, घोडे आणि लष्करी जनावरे हाच त्या काळी पशुवैद्यकाचा मुख्य विषय होता, कुत्रा दुय्यमच. तरीही आजारी कुत्र्याला दाखवावयास एक दार या शहरात उघडले, ही गोष्ट लहान नव्हे.

लस आणि तिच्या मर्यादा :

१८३२ मध्ये शासनापुढे दुसरा पर्याय तरी कोणता होता, असा प्रश्न न्यायबुद्धीने विचारला पाहिजे. पिसाळलेले कुत्रे चावल्यावर लक्षणे दिसू लागली की मृत्यू अटळ, हे सुश्रुतालाही ठाऊक होते. पाण्याला भिणारा रोगी असाध्य, असे त्याने कल्पस्थानात म्हटले आहे. त्यानंतरच्या शेकडो वर्षांत या विधानात फरक पडलेला नव्हता. मुंबईच्या गल्लीत ज्याच्या मुलाला कुत्रे चावले असेल, त्याचे भय खरेच होते. दंग्याच्या कथनात हा माणूस कोठेच दिसत नाही. इतिहासात पारशांचा रोष नोंदविला गेला, मॅजिस्ट्रेटची अडचण नोंदविली गेली; चावा घेतलेल्या माणसाची नोंद कोणी केली नाही.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचली आणि हे चित्र पालटले. भारतातून प्रारंभी युरोपीय रुग्णांना उपचारासाठी थेट पॅरिसला पाठवीत. एतद्देशीयांना ही सोय जवळजवळ अशक्यच होती. १९०० मध्ये कसौली येथे आणि १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीचे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस १९११ च्या सुमारास पुढे आली आणि तीच पुढे भारतभर रूढ झाली. पोटात घ्यावी लागणारी इंजेक्शनांची ती लांबलचक मालिका जुन्या पिढीच्या अद्याप स्मरणात आहे. क्वचित तिच्यामुळेच पक्षाघातासारखे दुष्परिणाम होत. असे असूनही तिचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होते.

ही सर्व प्रगती चावल्यानंतरच्या उपचाराची आहे. कुत्र्याच्या आरोग्याचा विचार मात्र फार मागे राहिला. जपानमध्ये उमेनो आणि दोई या संशोधकांनी कुत्र्यांसाठी एका मात्रेची लस १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्या देशाने १९५० मध्ये कायदा करून कुत्र्यांची नोंदणी, लसीकरण आणि मोकाट कुत्र्यांचे नियंत्रण एकत्र राबविले. १९५७ नंतर तेथे स्थानिक रेबीज आढळलेला नाही. ब्रिटनने त्याही आधी, लस न वापरता, मुसके बांधण्याची सक्ती, मोकाट कुत्री पकडणे आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांचे विलगीकरण या मार्गाने विसाव्या शतकाच्या आरंभी हा रोग हटविला होता. पण दोन्ही देशांत बहुसंख्य कुत्र्यांना मालक होता, आणि कायद्याची सक्ती मालकावरच करता येते. भारतात नेमके तेच नव्हते.

गांधीजींची अडचणीची भूमिका :

याच मुद्द्यावर १९२६ मध्ये मोठा वाद झाला. अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातील साठ कुत्री मारविली. शहरात खळबळ उडाली आणि प्रकरण महात्मा गांधींकडे गेले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याकडून निषेधाची अपेक्षा होती. गांधीजींनी मात्र ‘यंग इंडिया’तून लेखमाला लिहून त्या कृत्याचे समर्थन केले. मोकाट कुत्रा हे समाजाच्या दयेचे नव्हे तर बेपर्वाईचे लक्षण आहे. रस्त्यात तुकडा टाकून पुण्य मिळविणाऱ्याने त्या कुत्र्याचे पालकत्वही पत्करले पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. हत्येच्या समर्थनाबद्दल मतभेद राहतील. आज लसीकरण उपलब्ध असताना तो भाग स्वीकारणे कठीणच आहे. परंतु पालकत्वाचा त्यांचा मुद्दा मोतीशा आणि जमशेदजींनी शंभर वर्षांपूर्वी पैसे मोजून मान्य केला होता, हे मात्र खरे.

हत्येकडून लसीकरणाकडे :

१८३२ चा तोडगा टिकला नाही. मुंबईत मोकाट कुत्र्यांची हत्या पुढे महानगरपालिकेमार्फत सुरू राहिली आणि ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात थांबली. नसबंदी व लसीकरण यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. २००१ मध्ये केंद्र शासनाचे श्वान जन्मनियंत्रण नियम आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. हत्या निष्फळ का ठरते, याचे उत्तर साधे आहे. उकिरडा कायम असतो. मारलेल्या कुत्र्याच्या जागी शेजारच्या गल्लीतले कुत्रे येते, आणि ते टोचलेले नसते. याउलट एका भागातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते.

गोव्याचा अनुभव या बाबतीत मोलाचा आहे. तेथे ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य शासनाच्या साह्याने वर्षानुवर्षे घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना माहिती दिली आणि रोगी कुत्र्यांची खबर देण्याची व्यवस्था उभी केली. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. देशाचे चित्र मात्र एवढे आशादायक नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला ५,७२६ माणसे रेबीजने मरतात. लस उपलब्ध असलेल्या रोगाचे हे मृत्यू आहेत, आणि ते मुख्यतः वेळेवर दवाखाना न गाठू शकणाऱ्यांचे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा एवढे निवारे आहेत कोठे आणि त्यांचा खर्च कोण करणार, हाच पहिला प्रश्न उपस्थित झाला. २२ ऑगस्ट रोजी तो आदेश बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, तसेच खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमाव्यात, असे सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये अशा आवारांतील कुत्री तेथून हलविण्याचा आणि पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश झाला. हलविलेल्या कुत्र्यांना निवारा पुरविण्याचे काम या वेळी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आले. भुलेश्वरच्या पांजरपोळीत मात्र आज प्रामुख्याने गायी आहेत.